चार कपांचं यंत्र

मी निघालो त्या सकाळी आईनं सगळ्यांना चहा दिला. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती आणि दूध संपलं होतं. पलीकडच्या घरातली शेवंताकाकी सहज म्हणाली, "वयनी, कोरी कॉफी घाल गो सगळ्यांक. बेगीन जातली." आई चुलीकडून वळलीसुद्धा नाही. "कॉफी नाका. म्हजो पूत जितो वता," ती म्हणाली, आणि दुधासाठी कोणाला तरी पिटाळलं. टॅक्सी अर्धा तास उभी राहिली.

सर्वण गावातल्या आमच्या वस्तीत, वाड्यावर, कॉफी म्हणजे सुतकाची. रोज चहा, पाहुण्याला चहा, देवाच्या कामाला चहा. कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, मग शेजारच्या घरातून किटलीभर कोरी कॉफी जाते, गूळ घातलेली, आणि सोबत पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गोल उंडे. स्मशानातून परत आलेली माणसं काही न बोलता ती पितात. ही किटली आमच्या घरची होती. मी पाहायला लागल्यापासून वाड्यावरच्या प्रत्येक मयताच्या घरी आईचीच कॉफी गेली. तिला कोणी नेमलेलं नव्हतं. तिच्या सासूची किटली होती, ती तिच्याकडे आली, एवढंच. फक्त बाबा गेले त्या दिवशी शेवंताकाकी आमच्या अंगणात आली, रिकामी किटली घेऊन गेली आणि भरून परत आली.

निरोपाच्या त्या सकाळी वाड्यावरच्या मंडळानं मला शाल आणि नारळ दिला. अध्यक्षांनी भाषण केलं. ऐकणाऱ्याला वाटावं, मी तिकडे एखादं विद्यापीठ काढायला निघालोय. मी गोदामात खोकी उचलायला निघालो होतो. तेसुद्धा माझ्या कर्तबगारीवर नव्हे. बाबा पोर्तुगिजांच्या काळात जन्मले. त्या राज्याला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, आणि ते गेल्यावर त्याच राज्याच्या नोंदवहीतल्या त्यांच्या नावावर मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, ज्यावर तेव्हा इंग्लंडात कामही करता येई. खाणी बंद पडल्या होत्या, ट्रक दारात गंजत होते. तत्त्वं परवडण्यासारखे दिवस नव्हते.

तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना पुढचं सांगायला नको. इंग्लंडातलं स्विंडन, भाड्याची खोली, मग लग्न, मग विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेतलं एक घर. जे मागे राहिलेत त्यांना एकच सांगतो: मी इथं रोज सकाळी कॉफी प्यायला लागलो. गोदामात सगळेच पितात. आईला व्हिडिओवर कप दिसला, तशी ती फोनच्या जवळ आली. "सकाळीं सकाळीं कॉफी? कोण गेलो रे?"

"कोणी नाही गं. इथं अशीच पितात."

तिचा विश्वास बसला नाही. पुढं कित्येक महिने फोनवर कप दिसला की ती आधी माझा चेहरा नीट बघायची, आणि मग बोलायला लागायची.

नंतर एका पावसाळ्यात तिच्या हातातून किटली निसटली. पायावर उकळती कॉफी. मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेवंताकाकीकडून, कारण आईनं "मातशें भाजलें" यापलीकडे काही सांगितलंच नव्हतं. डाव्या पावलाची कातडी सोलली होती. वय बहात्तर, हाताला कंप. मी फोनवर चिडून म्हणालो, आता पुरे, दुसरी कोणीतरी करील. ती म्हणाली, "कोण?" मी वाड्यावरची घरं एकेक आठवत गेलो. एक कुलूपबंद, एक म्हापशाला गेलेलं, एकातली दोघंही सकाळी कामावर, एक माझ्यासारखं. मी दुसरा विषय काढला.

त्या हिवाळ्यात मी सुटीवर जाणार होतो. म्हटलं, आईसाठी कॉफीचं यंत्र घेऊ. पाणी ओतायचं, पूड घालायची, बटण दाबायचं. पाणी आतल्या आत तापून थेंबथेंब खाली गळतं. किटली उचलायला नको, उकळतं पातेलं नको. मी तीन शनिवार दुकानात घालवले. खोक्यांवरची भाषा वाचण्यासारखी असते. एका यंत्राला 'सुगंधाचं बटण' होतं. दुसऱ्यानं आयुष्य बदलल्याचं कोणा गिऱ्हाइकानं लिहून कळवलं होतं. कोणत्या दिशेनं, ते लिहिलं नव्हतं.

सुगंधाचं बटण वगळलं तर प्रश्न मोजकेच होते. भांडं काचेचं की स्टीलचं? काचेच्या भांड्याखाली तापती तबकडी असते, ती कॉफी गरम ठेवते पण तासाभरात कडवट करते. स्टीलचं भांडं थर्मासासारखं, कॉफी तासभर तशीच राहते, फुटत नाही, मूठ भक्कम. गाळणी कागदाची की जाळीची? आणि किती कपांचं?

मी आईला विचारायला फोन केला. तिनं काच, स्टील, जाळी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कितल्या जणांची रे ती?"

"तू एकटी तर असतेस, आई."

"कॉफी कोण एकटो पिता?" ती म्हणाली.

माझ्यासमोर फळीवर दोन्ही होती. एक बारा कपांचं, स्टीलच्या भांड्याचं, घट्ट झाकणाचं. वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न सांडता नेता येईल असं. दुसरं चार कपांचं, काचेचं. बारा कपांचं तिच्यासाठी इतकं बरोबर होतं की मी ते परत फळीवर ठेवलं. हे लिहिताना हात अडतो. ते दिलं तर ती पुन्हा उन्हापावसात मयताच्या घरी जाईल, आणि ते तर मला थांबवायचं होतं. लहान यंत्र घेतलं की प्रश्न आपोआप मिटेल असा माझा हिशेब. तिला म्हणालो, माझ्याकडे हेच आहे, तुलाही हेच घेतो, म्हणजे बिघडलं तर फोनवर सांगता येईल. ते खरंही ठरावं म्हणून एकाच जातीची दोन यंत्रं घेतली.

काचेचं भांडं स्वेटरात गुंडाळून मांडीवर धरून नेलं. मी देश सोडल्यावर सरकारनं विमानतळ आमच्या बाजूला, पेडण्यात मोपाला, आणून ठेवला आहे. गेलेल्यांची सोय राहिलेल्यांपेक्षा लवकर होते. आईनं यंत्राकडे चहूबाजूंनी पाहिलं, कुंकू लावलं, आणि भांडं उचलून जनेल उघडून उजेडात धरलं. "चार," ती म्हणाली. बाकी काही नाही.

पंधरा दिवसांत ती शिकली. कागदी गाळण्या मात्र तिला फेकवेनात. धुऊन दोरीवर वाळत घालायची. आमच्या अंगणात मोज्यांसारख्या तपकिरी गाळण्या चिमट्यांना लटकत असत. त्या फाटायला लागल्यावर तिनं बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा कापून त्याच आकाराची पिशवी शिवली. एकच गोष्ट तिला पटली नाही. यंत्राला घड्याळ होतं. आदल्या संध्याकाळी पाणी-पूड भरून वेळ लावली की सकाळी आपोआप कॉफी तयार. मी ते मोठ्या कौतुकानं दाखवलं.

"मनीस उठचे आदीं कॉफी जाता?"

"हो."

"कोणाक?" तिनं विचारलं. "कोणाक जाय तें कळ्ळ्याबगर कॉफी कशी करतात?"

मी हसलो. निघताना सगळ्यांना तिनं चहाच दिला.

ती गेली ते दोन वर्षांनी, एका डिसेंबरात. शेवंताकाकीचा फोन आला तेव्हा तिथं सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि इथं सहाला पंधरा मिनिटं कमी होती. मीरा, माझी बायको, पहिल्या पाळीसाठी आधीच बाहेर पडली होती. देवाला फुलं काढताना आई अंगणातच बसली, आणि बसली ती उठली नाही. काकी रडत नव्हती. "तुजे खातीर रावूं?" तिनं विचारलं. तिकीट कधीचं मिळेल ठाऊक नव्हतं. आईला बर्फात ठेवायचं मला सोसलं नसतं. म्हणालो, थांबू नका. चुलतभावानं अग्नी दिला.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभा होतो. शेगडीकडे हात गेला आणि मागे आला. आज चूल पेटवायची नाही. एवढा एक नियम मला पाठ होता, तो पाळायला काहीच करायचं नव्हतं, आणि त्याच्यापुढचं मला ठाऊक नव्हतं. कारण त्याच्यापुढचं काम नेहमी दुसऱ्या कोणाचं असतं. मी खुर्चीत बसलो. आमच्या वाड्यावर एखाद्या घराच्या कौलांतून सकाळी धूर निघाला नाही तर समोरचा माणूस कारण विचारायला येतो. गॅस आला तरी ती सवय गेली नाही. धूर नाही तर भांड्यांचा आवाज ऐकतात. इथल्या रांगेत माझी शेगडी पेटली काय, न पेटली काय, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. डावीकडच्या घरातले गृहस्थ कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते. त्यांनी खिडकीतून मला पाहिलं, नेहमीसारखा हात हलवला. मीही हलवला.

बरोबर सहाला टक् असा आवाज झाला, आणि ओट्यावरच्या यंत्रानं कॉफी करायला घेतली.

वेळ मी आदल्या संध्याकाळी लावली होती, रोजच्यासारखी. आता ते गुरगुरत होतं, थेंब पडत होते, घरभर वास सुटला होता. सुतकाच्या घरात शिरल्यावर येतो तोच वास. चूल मी पेटवली नव्हती. कॉफी झाली होती. कालच्या एका माणसानं ती करून ठेवली होती, आणि त्या माणसाची आई जिवंत होती. मी कपात गूळ घातला. भारतीय दुकानातून आणलेला डबा सणासुदीशिवाय उघडत नसे. आणि उभ्यानंच ती प्यायलो.

सर्वणला पोहोचलो तो चौथा दिवस. संध्याकाळी माणसं पांगल्यावर शेवंताकाकी दोन कोप घेऊन आली आणि माझ्याशेजारी दारापुढच्या सोप्यावर बसली. कोपांत कोरी कॉफी होती. आत ओट्यावर यंत्र दिसत नव्हतं. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "म्हजेगेर व्हेलां. सुतकाच्या घरांत पेटोवंक जायना न्हय? करंट म्हणून कितें जालें." म्हणजे आईच्या कॉफीसाठी आईचंच यंत्र अंगणापलीकडे नेलं होतं, तिथल्या भिंतीत लावलं होतं, आणि काचेचं भांडं पदरात धरून काकी इकडे येत होती.

"पुण तुज्या मशिनीन चार चारच दिली रे," ती म्हणाली. "चाळीस मनशां. धा खेपो."

मी खाली मान घातली.

"तुजी आवयय अशीच वताली. फाटल्या वर्सा त्या वयल्या घरांत मेलो न्हय, तेन्ना नव खेपो केल्यो तिणें. एके हातांत काठी, एके हातांत तुजें तें काचेचें. हांवें म्हळें, वयनी, किटली काड. तर म्हण्टा कशी, पुतान दिलां, ताका वायट दिसतलें."

ते मला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर आई मला विचारायची, मशीन बरी चालते हो, तुझी चालते ना रे? मला वाटायचं, ती एकटी बसून एक कप पीत असेल.

काकीनं माझा गुडघा थोपटला. "वायट दिसोवन घेवं नाका. मनशां रावलीं, पळे. कॉफी मेळचे खातीर बसून रावलीं. किटली आसली जाल्यार पियेवन दोन मिनटांनी घरा गेलीं आसतीं." ती जरा हसली. मग कोप खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. तोच तो चेहरा तपासणारा डोळा, आमच्याकडच्या सगळ्या बायकांना असतो.

"थंय तुमगेर कोणें हाडली रे? कॉफी?"

कॉफी आणणारं कोणी नव्हतं; डावीकडच्या गृहस्थांनी हलवलेला हात तेवढा आठवला. "हाडली," मी म्हणालो. "शेजाऱ्यान."

तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "बरें जालें, बाबू. तुजी आवय सदां म्हण्टाली, हांगा हांव सगळ्यांक व्हरतां, म्हज्या पुताक थंय कोण हाडटलो? हेंच एक तिका खातालें." तिनं पदरानं डोळे टिपले. "मागीर थंय तुमचें घर जालें म्हणपाचें."

मी मान हलवली. कोपाच्या तळाशी न विरघळलेला गूळ होता. तो संपेपर्यंत मी पीत राहिलो, म्हणजे तिला आणखी काही विचारता येऊ नये.