तपासणीच्या दिवशी आम्ही पाहुण्या

हातकणंगले स्टेशनच्या मागे, जिथे पूर्वी ऊस होता, तिथे स्वस्त घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. घरं लहान बांधून कमी किमतीत विकली म्हणून बिल्डरला करात सूट मिळाली आणि घेणाऱ्यांना सरकारचं अनुदान. अट अशी की ज्याच्या नावावर घर, त्यानंच त्यात राहायचं.

आई आणि मी तिथे भाड्यानं राहत होतो. मालक चंदगडला, काजूच्या कारखान्यात कामाला. दारावर पाटी त्यांच्या नावाची. बाबा गेल्यापासून आम्ही बऱ्याच जागा बदलल्या होत्या, पण इथे बस्तान बसलं होतं. आईची फॉल-पिकोची गिऱ्हाइकं याच इमारतींतली आणि मला कोल्हापूरच्या नोकरीला जायला गाडी जवळ. आता पुन्हा हलायचं नाही, एवढंच आम्हाला हवं होतं.

घरात मालकच राहतो का, याची तपासणी येणार म्हटल्यावर मालकांचा फोन आला. "ताई, त्या दिवशी आमी दोघं येऊन बसतो. तुमी आमच्या पावण्या. जमंल न्हवं?"

आई "बरं" म्हणाली. मी ऑफिसला रजा टाकली.

आईनं घर असं आवरलं की मलाच ओळखू येईना. "राहतं घर दिसाय नको?" ती म्हणाली.

मालक काका आणि काकू सकाळच्या एसटीनं आले. काकूंनी हे घर किल्ली मिळाली तेव्हा एकदाच पाहिलं होतं, रिकामं. त्या सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारख्या बसल्या, मग आठवण होऊन मागे रेलल्या. आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

साहेब आले, कागद बघितले. "ऱ्हाताय न्हवं हितंच?"

"ऱ्हातो की!" काका म्हणाले. गरजेपेक्षा मोठ्यानं.

"मग जरा पाणी द्या."

काका तत्परतेनं उठले आणि थेट बाथरूममध्ये शिरले. बाहेर येऊन स्वयंपाकघरात गेले. डब्यांची झाकणं वाजू लागली. "अवो, माठ..." एवढं बोलून काकू थांबल्या. माठ कुठे, त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी आईच उठली. आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली.

"मावशी, तुमी कोण?"

"पावणी."

"पावणी पाणी देती आन मालक डबं हुडकतोय व्हय?"

"आमच्यात सगळं बायकाच बघत्यात, सायेब," काका म्हणाले. "मला चहाची साखर बी घावत न्हाय."

साहेब हसले. मग माझ्याकडे वळले. मी उत्तर मनात पाठ करून ठेवलं होतं. "मी यांची भाची. काही दिवसांसाठी आले आहे."

माझं मराठी पुस्तकातलं वाटतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. "पुण्याच्या दिसताय," म्हणून त्यांनी विषय सोडला. पाटीखाली काका-काकूंना उभं करून फोटो काढला आणि ते शेजारच्या दारात गेले.

आईनं चहा टाकला. काकू पाठोपाठ आत गेल्या. त्यांनी नळ सोडून बघितला, बंद केला, ओट्यावरून हात फिरवला.

"मला वाटलं हुतं, खुराडं असंल," त्या म्हणाल्या. "हे तर घर हाय की. आमच्याकडं पावसात पत्र्याखाली चार-चार म्हयने काय वाळत न्हाय, बघा."

"चला, गाडी चुकंल," बाहेरून काका म्हणाले.

"चुकू दे की! आपल्या नावावरचं घर हाय, सावकाश बघू तर द्या."

आई त्यांना सांगत होती, ओटा थोडा बुटका आहे, पण सवय होते. मी दारात कप घेऊन उभी होते. बुटका आहे एवढंच सांगून आईनं थांबावं, असं मला वाटत होतं.

दिवाळीआधी काकांचा फोन आला. त्यांना इकडच्या एमआयडीसीत काम मिळालं होतं. "गडबड न्हाय ताई, दुसरी जागा बघा सावकाश." रागवायला काही सापडेना. घर त्यांच्यासाठीच बांधलेलं होतं.

स्टेशनपासून लांब एक खोली मिळाली. आई गिऱ्हाइकांना नवा पत्ता समजावून सांगू लागली. गिऱ्हाइकं मान डोलवायची, पण इतक्या लांब कोण येणार?

घर सोडायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन. "ताई, ते खिडकीचं पडदं ऱ्हाऊ देता काय? लई बरं दिसत हुतं."

"ऱ्हाऊ देते की," आई म्हणाली.

तसेही ते नव्या खोलीत उपयोगाचे नव्हते. तिथली खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते.