काळ्या केसांचा कुंचला

रिग्गईतल्या त्या फ्लॅटमध्ये बाथरूमशेजारी एक लाकडी कपाट होतं. बाहेर कुवेतची हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत, आणि ते कपाट उघडलं की कोंदट, ओला वास नाकात शिरायचा. आत ओले टॉवेल टांगलेले आणि त्यांच्या मधोमध एक लाकडी तबक वाळत ठेवलेलं. ओलाव्यात वाळत! मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

घर एका जपानी इंजिनीअरचं. माझा नवरा शुऐबाच्या प्लांटवर त्याच्या हाताखाली आहे, त्या ओळखीवर मला काम मिळालं. दिवसभर त्याच्या वडिलांना सांभाळायचं. बाबा तिकडचे नावाजलेले कारागीर. एका झाडाचा चीक लाकडावर चढवायचा, तो दमट जागेतच वाळतो, मग घासायचा आणि वर पुढचा थर, कधी लाल, कधी काळा. असे वर्षभर थर चढले की सुरी घेऊन त्या जाडीत फुलंपानं कोरायची. चीक अंगावर उततो, जपून, असं इंजिनीअरने मला बजावलं. मला हसू आलं. काजूचं तेल आणि बिबा आमच्या घरातले, मला काय शिकवतोय हा?

पण कुंचला पाहिला आणि हसू पळालं. चपट्या लाकडी पट्टीच्या टोकाला काळेभोर केस. झिजले की बाबा पेन्सिलीला टोक करावं तसं लाकूड तासायचे आणि आतून नवे केस बाहेर यायचे. घोड्याचे का, म्हणून मी विचारलं. इंजिनीअर साइटवर शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरी माँ का." हे कुंचले बाईच्या केसांचेच करतात म्हणे. त्याच्या आईने लग्नाआधी केस कापून दिले होते. ती गेली तेव्हा डोकं पांढरंफटक झालं होतं, पण लाकडात मिटलेले केस तसेच तरुण राहिले होते.

माझी आई विंचरल्यावर गुंतवळ कधी उघड्यावर टाकू द्यायची नाही. त्यावर थुंकायचं, मगच टाकायचं. परक्याच्या हाती केस लागले की त्याला आपल्यावर काहीही करता येतं, असं ती सांगायची. माझी वेणी कमरेपर्यंत येते. त्या दिवसापासून मी ती अंबाड्यात बांधून, वर ओढणी घेऊन कामाला जायला लागले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हातारा काय खानार हाय तुला? गप काम कर."

त्याला काय जातंय बोलायला! बाबा कपाटाचं दार किलकिलं करून आत हळू आवाजात बोलायचे, थांबायचे, मान हलवायचे आणि मग पुढचं बोलायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जोरात आपटायची.

तबक कोरण्याजोगं कधीच झालं होतं, हे इंजिनीअरने सांगितलं. पण बायको गेल्यापासून बाबा नुसते थरच चढवत होते. कुंचला हातात आहे तोवर ती हाताशी होती. कुंचला संपला की सुरी घ्यावी लागणार, आणि सुरी घेतली की तिच्या केसांनी चढवलेले थर कापायचे.

कुंचला संपला. लाकूड बोटभर उरलं आणि आतले केस सरले. जपानहून नवा मागवतो, असं इंजिनीअर म्हणाला, तर बाबा रागाने लाल झाले. अनोळखी बाईचे केस त्यांना नको होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यापाशी होते. उकाड्याने ओढणी काढून ठेवली होती, अंबाडाही सुटला होता. बाबा मागे कधी आले कळलं नाही. त्यांनी वेणी तळहातावर घेतली होती आणि अंगठ्याने केस चाचपत होते. दुसऱ्या हातात कात्री. त्यांनी कात्रीची मूठ माझ्याकडे केली आणि वाकून नमस्कार केला. मागत होते बिचारे.

"नाही बाबा," मी मराठीतच म्हटलं. "केस नाही देणार."

त्यांना कळलं असावं. कात्री खाली ठेवून ते गेले आणि खोलीत सुरीला धार लावल्याचा आवाज आला.

पुढे ते रोज कोरत बसायचे. फरशीवर लाल-काळ्या बारीक कपच्या पडायच्या, मी झाडून घ्यायची. तबकावर ते कापड टाकून ठेवत, कोणालाच दाखवत नसत. याच दिवसांत मला मानेमागे काहीतरी व्हायला लागलं. भांडी घासताना, फोनवर लेकीशी बोलताना कोणीतरी केस हलकेच ओढतंय असं वाटायचं. एसीच्या वाऱ्याने मान धरली असेल म्हणून बाम चोळला, पण फरक पडला नाही.

एका शुक्रवारी इंजिनीअर घरी असताना बाबांनी कापड काढलं. फुलं नव्हती, पानं नव्हती. काठापासून काठापर्यंत एक वेणी होती. पेडावर पेड, सुटलेली एकेक बट, आणि खाली माझा कापडी रबर, त्याच्या चुण्यांसकट.

"माँ चोटी नहीं बनाती थी," इंजिनीअर पुटपुटला.

माझा हात मानेमागे वेणीवर गेला, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला. नाही म्हटलं होतं ना मी? मग घेतलीच कशी? मी इंजिनीअरला म्हटलं, "बाबांना सांगा, हे बुजवून टाका."

त्याने विचारलं. बाबा शांतपणे उत्तरले. इंजिनीअर माझ्याकडे न बघता म्हणाला, बुजवता येईल म्हणतात, वर पुन्हा थर द्यावे लागतील, फक्त त्यासाठी कुंचला हवा.

मी अजून त्या घरी कामाला जाते. बाबा नुसते वाट बघतात.