मेश्रामकाकूंची पहाडी मैना

मेश्रामकाकू भर सदर बाजारात व्हॅन थांबवत. मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवून हैराण होत, आणि काकू खिडकीतून हात बाहेर काढून तळवा उन्हात धरत. "पाह्य ना, कसं कवळं ऊन पडून राहिलं," म्हणत. मग निवांत गिअर टाकत.

रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच वस्तू घेतल्या होत्या, जुनी मारुती व्हॅन आणि कॅमेरा. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते खणलेले, पाट्या नव्या, आणि सगळ्यांवर धूळ. बँकेच्या बदलीवर नागपूरहून आलेल्या मला ते शहर आपलं वाटेना. नोकरी सोडते, असं काकूंना सांगितलं.

"सोड ना," त्या म्हणाल्या. "पण आधी बस्तर पाहून घे. मंग जा."

काकूंना पहाडी मैनेचा फोटो हवा होता. "आपल्या राज्याचा पक्षी हाय, अन् मले अजून भेटला नाही."

डिसेंबरात निघालो. केशकालच्या घाटात धुकं इतकं होतं की समोरचा ट्रक कापसात बुडत गेल्यासारखा दिसेनासा झाला. काकू वळणावळणाला थांबत. डोंगर हळूहळू वर येत, पुन्हा विरघळत. कांगेरच्या जंगलात चौकीदाराला विचारून विश्रामगृहाच्या आवारात तंबू ठोकला. झोपेतही मला आपण धुक्यातून चाललोय असंच वाटत राहिलं.

पहाटे एका वाळलेल्या उंच झाडासमोर जाऊन बसलो. ऊन शेंड्यावर आलं आणि माणसानं शीळ घालावी तसा आवाज आला. ढोलीच्या तोंडाशी काळाभोर पक्षी, नारिंगी चोच, कानामागे हळदीसारखा पिवळा पट्टा. काकूंनी कॅमेरा उचलला. लेन्स थरथरत होती. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. थरथर थांबेना.

कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला.

"वर्ष झालं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणते, हे वाढतच जाईन. तुले काहून आणलं वाटते? मले तुझे हात पायजे होते."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या माझ्या पाठीला टेकून बसल्या. "घाबरू नको, पोट्टे. श्वास सोड. आता."

फोटो धुऊन आला तेव्हा अर्धी मैना फांदीआड गेलेली होती. काकू तो बराच वेळ बघत राहिल्या. "अर्धी तं अर्धी. पण खरी हाय," म्हणाल्या, आणि फ्रेम करून बैठकीत लावला.

मी नोकरी सोडली नाही. पुढे दर हिवाळ्यात व्हॅन मी चालवायची, बघायचं त्यांनी. मैकलच्या डोंगरउतारावर दवात उभे असलेले रानगवे त्यांनीच मला दाखवले. मला ते आधी दगड वाटले होते.

शेवटचं मैनपाटच्या पठारावर गेलो. कप त्यांच्या हातात राहत नव्हता. मी धरायची, त्या घोट घ्यायच्या. "साखर जास्त टाकून राहिली तू," अशी तक्रारही करायच्या. दरीचा फोटो घ्यायला मी उठले आणि वळून पाहिलं, तर काकू खुर्चीत उन्हात झोपून गेलेल्या. मागे निळसर डोंगर. दरी राहू दिली आणि तो एक फोटो घेतला.

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्यांचा रायपुरात वाढलेला, माझ्याशी कायम हिंदीच बोलणारा मुलगा पुण्याहून आला होता. घरभर डोंगर, हरणं, पक्षी. आईचा एकही फोटो त्याला सापडेना. हार घालायला काहीतरी हवं होतं. मी खुर्चीतला फोटो आणून दिला.

"दीदी, इसमें तो आँखें बंद हैं," तो म्हणाला. "दूसरी नहीं है?"

"नाही रे. पण नीट बघ, झोपेत हसताहेत त्या."

तो फोटो घेऊन खिडकीशी गेला. मग, मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती त्या भाषेत म्हणाला, "आई अशी हसते, मले माहीतच नव्हतं."