पास झालेला माल

भिवंडीतल्या नोकरीतले एक प्रकरण अजूनही अधूनमधून माझ्यासमोर येऊन बसते. त्यात दरोडा नव्हता, खून नव्हता, पेपरातही चार ओळींच्या वर काही आले नाही. सत्तरच्या दशकात मी तिथे फौजदार होतो. मुलांच्या शाळेमुळे बायको-मुले गावी आणि मी पोलीस लाईनीतल्या एका खोलीत, असा संसार होता. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट कानाला सवयीचा झालेला असे. वीज गेली की गाव एकदम गप्प होई, आणि त्या शांततेत खोलीत बसवत नसे. मग मी उगीचच ठाण्यात जाऊन बसायचो.

असाच एका दुपारी बसलो होतो. तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. पिशवीतून त्यांनी एक पांढरी चादर काढली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, ही जरा ओढून बघा."

मी दोन्ही हातांनी ओढली. जुने वर्तमानपत्र फाटावे तशी ती फाटली. चादरीच्या कोपऱ्यावर सरकारी तपासणीचा काळा शिक्का स्पष्ट होता.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावाकडची एक बाई पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली होती. ऑपरेशननंतर तिला चादरीसकट उचलून खाटेवर ठेवताना चादर मधोमध फाटली. बाई फरशीवर पडली, टाके उसवले, आणि ती त्यातच गेली.

"चादरींबद्दल मी आधीच वर कळवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर आलं, माल तपासून पास झालेला आहे, शिक्का बघा. आता तुम्हीच सांगा, शिक्क्यावर घालून माणूस उचलायचा का?"

बाईचा नवरा त्यांच्याबरोबर आला होता. तो दाराशीच उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही. "कोनाचं नाव घेऊ साहेब? दागदर चांगला व्हता. चादर सरकारची हाय. सरकारवर का केस व्हते?" एवढेच तो बोलला.

मी अपमृत्यूचे कागद मागवून घेतले, सिस्टरांची फिर्याद नोंदवली आणि तपास हाती घेतला. चादर कुठून येते हे मलाही तेव्हाच कळले. पूर्वी प्रत्येक खाते आपापली खरेदी करी. तुरुंगाची चादर एका भावाने, दवाखान्याची दुसऱ्याच. पुढे राज्य सरकारने ते एकत्र केले. मुंबईतले एक कार्यालय सगळ्या खात्यांसाठी निविदा मागवी, दर ठरवी, आणि नमुन्याची चादर मोहोरबंद करून ठेवी. त्यांचा तपासनीस पुरवठादाराच्या गोदामात जाऊन माल नमुन्याशी ताडून बघे. पसंत पडला तर आपल्या देखत प्रत्येक चादरीवर शिक्का मारून घेई. शिक्का नसलेला माल कुठल्याच खात्याने घ्यायचा नाही, असा नियम. व्यवस्था चांगली होती. पण दवाखाना म्हणे, मुंबईने बघितले असेल. मुंबई म्हणे, तपासनीसाने बघितले आहे. सगळ्या राज्याचा भार शेवटी एका माणसाच्या डोळ्यांवर होता.

पुरवठादार इथलाच होता. थोडी शेती विकून त्याने निजामपुऱ्यात माग टाकले होते. घर आणि गोदाम जवळच्या काल्हेर गावी. मी माझ्या हवालदाराला साध्या कपड्यांत निजामपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर बसवले. त्याला घाई करू नको म्हणून बजावले होते. विचारायला गेले की माणूस मिटतो, नुसते ऐकत बसले की आपणहून उघडतो. शिफ्ट सुटल्यावर आलेला एक मागवाला त्याच्याशी बोलता बोलता हसून म्हणाला, "काल्हेर का माल तो मेहमान को दिखाने का है. जाने वाला माल इधर से ही जाता है, सीधा ट्रक में."

दुसऱ्या दिवशी पंच बरोबर घेऊन आम्ही दोन्ही ठिकाणी एकाच वेळी झडती घेतली. काल्हेरच्या गोदामात घट्ट विणीच्या, उत्तम चादरी रचलेल्या होत्या. निजामपुऱ्याच्या कारखान्यात मागच्या खोलीत विरळ, खळ लावून जाड केलेल्या चादरी होत्या, आणि एक कामगार त्यांच्यावर शिक्के मारत बसला होता. शिक्का पितळी होता, सरकारी होता. नकली नव्हता.

मालकाला ठाण्यात आणले. तो शांत होता. "साहेब, तपासनीस साहेब स्वतःच शिक्का ठेवून जातात. मी काही चोरलेला नाही."

"त्यांना काय देता?"

"काहीच नाही. विचारा त्यांना."

हे उत्तर सगळेच देतात. तपासनीसाच्या कार्यालयाला रीतसर कळवून मी त्याला चौकशीला बोलावले. पन्नाशी उलटलेला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात कापडाचे धागे मोजायचे भिंग. ठाणे शहरात एका चाळीत तो एकटा राहत असे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्या खोलीची झडती मी स्वतः घेतली. एक स्टोव्ह, एक ताट, खुंटीवर दोन शर्ट. मला पैसा हवा होता. तो मिळाला की गुन्हा जुळत होता. पैसा कुठेच नव्हता. वस्तू नाही, दागिना नाही, कुणाच्या नावावर जागा नाही.

दोन बैठका झाल्या तरी तो एकच सांगत राहिला, शिक्का हरवला होता, कळवायचे राहिले. लाच घेणारे मी बरेच पाहिले होते. ते अंगावर येतात, वरच्यांची नावे सांगतात, वकील मागतात. हा मान खाली घालून बसे आणि चहाचा कप पुढे केला की दोनदा आभार मानी.

मग मी काल्हेरला मालकाच्या आईचा जबाब घ्यायला गेलो. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत होती. तपासनीसाला ओळखता का, विचारले तर तिने मलाच उलट विचारले, "बरा हाय का त्यो? कवापासून आला न्हाय. त्याला तिखट सोसत न्हाय, म्हनून मी त्याचं कालवन येगलं करते. कोन हाय त्याला दुसरं?"

मी परत आलो. तपासनीसाला समोर बसवले, लिहून घेणाऱ्या जमादाराला बाहेर पाठवले.

"काल्हेरच्या आजी विचारत होत्या," मी म्हणालो. "म्हणाल्या, तुम्हाला तिखट सोसत नाही."

त्याने चष्मा काढला.

"पहिल्या खेपेला माल बघून निघालो होतो. आजी म्हणाल्या, जेवल्याशिवाय कुठं जातोस. बायको गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं, साहेब. मग प्रत्येक खेपेला जेवायला थांबायला लागलो. एकदा मालक म्हणाला, तुम्ही आरामात जेवा, शिक्का द्या, आमची माणसं मारून घेतील. मी दिला. पुढच्या खेपेला तो म्हणाला, इथंच राहू द्या, कशाला नेता-आणता. नाही म्हणालो असतो तर त्या घरी पुन्हा कसा गेलो असतो?"

"माल बदलतो हे माहीत होतं?"

"बघायचं टाळत होतो," तो म्हणाला.

ती बाई कशी गेली हे मी त्याला सांगितले. तोवर त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर त्याने हेच जबाबात लिहून दिले, त्यातला एक शब्दही पुढे बदलला नाही, जामिनासाठी धडपडही केली नाही. जामीन राहायला कोणी आलेही नसते. खटला चालला, दोघांनाही शिक्षा झाली. मालकासाठी कोर्टात त्याचे सगळे गणगोत हजर असे. बाईचा नवरा दर तारखेला यायचा, मागच्या भिंतीशी उभा राहायचा आणि काम संपले की कुणाशी न बोलता निघून जायचा. निकाल लागला त्या दिवशी मी त्याला म्हणालो, न्याय झाला. त्याने मान डोलावली. "व्हय साहेब," म्हणाला, आणि चालू लागला.

पुढे मुंबईच्या त्या कार्यालयाने मला बोलावले. काय चुकले आणि काय बदलावे, यावर बैठक होती. माल पोचेल तिथे पुन्हा तपासायचा, दोन तपासनीस पाठवायचे, दवाखान्याची तक्रार थेट त्या कार्यालयाकडे यायची, असे चांगले निर्णय त्यांनी घेतले. शेवटी एका वरिष्ठांनी विचारले, "तुमची काही सूचना?"

मी म्हणालो, "एकट्या माणसाला वर्षानुवर्षे एकाच भागात ठेवू नये. तो कुठे राहतो, कुणाबरोबर जेवतो, हे कुणाला तरी माहीत असावं."

ते जरा हसले. मग त्यांनी सहज विचारले, "तुमचं कुटुंब कुठं असतं?"

"गावी असतं, साहेब," मी म्हणालो.

लाच म्हटले की आपण पैसा शोधतो. या प्रकरणाने मला शिकवले, की माणसाला जे मिळत नसते ते ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती माणूस जातो. आणि देणाऱ्या म्हातारीच्या मनात काही काळे नव्हते, हे तर मी आजही शपथेवर सांगेन. त्यानंतर भिवंडीत असेपर्यंत मी कुणाच्या घरी जेवलो नाही. ईदला बोलावणी आली, गणपतीत आली. ड्युटीचे कारण सांगून टाळली. फौजदार म्हणून मी बरोबरच वागलो. बदली होऊन निघालो त्या सकाळी एस.टी. स्टँडवर बंदोबस्ताच्या शिपायाने सलाम केला. बाकी सोडायला कोणी आले नव्हते, आणि यावे असे मी कुणाशी काही ठेवलेही नव्हते.