दोनदा उमटलेला रुपया

नाणी जमवणारी माणसं एकत्र बसली की नाणी राहतात बाजूला, किस्सेच जास्त जमतात. रविवारी सकाळी शिरीषभाऊंच्या कापडाच्या दुकानात आमची बैठक असते. भिंग असायचं वंदनाताईंच्या हातात. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे सूट कोणालाच नाही!

एकदा शिरीषभाऊ ओरडतच आले, "लखपती झालो! साल दोनदा छापलंय!"

ताईंनी भिंग लावलं. "भाऊ, हा दुसरा आकडा नाही, पहिल्याच्या कडेला उमटलेली चपटी पायरी आहे. ठोकताना साचा हलला, आकडा घसटला. साच्यातच दोनदा कोरलं गेलं असतं, तर दोन्ही आकडे गोलसर, उठून दिसले असते. टोकाशी खाच असती."

"मग याचे किती येतील?"

"दोन रुपयांचं आहे ना? दोन!"

*

भाऊ सुधारले नाहीत. भाजीबाजारात सुट्टे मिळाले की तिथंच उभं राहून एकेक नाणं तपासायचे. मागं ही रांग! शेवटी भाजीवाली म्हणाली, "भैया, माझी नाणी खरी आहेत. वांगी तर बघून घ्या, दोन किडकी आहेत!"

*

नेपानगरचे एक काका 'डबल छापलेल्या नाण्याला लाखो मिळतात' असा व्हिडिओ बघून पिशवीभर नाणी घेऊन आले. "सगळी डबल आहेत, ताई!"

ताईंनी चार-पाच बघितली. एकही डबल नाही. मग स्वतःची दोन बोटं वर केली. "काका, किती?"

"चार."

"नाणी राहू द्या. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा!"

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. महिन्याभरानं काका जलेबी घेऊन हजर. "ताई, नाणी तर सगळी सिंगल निघाली. पण नातीचा चेहरा काय साफ दिसतो हो!"

*

ताई रिटायर झाल्या, मुलाकडे इंदूरला निघाल्या. इतकी वर्षं आमची नाणी तपासली, पण खरं दुहेरी नाणं त्यांना स्वतःला कधी मिळालं नाही. निरोपाच्या दिवशी शिरीषभाऊंनी शकुनाचा रुपया चिकटवलेलं पाकीट दिलं.

सवयीनं ताईंनी पर्समधून भिंग काढलं. आम्ही हसलो, "ताई, आज तरी राहू द्या!"

ताई हसल्या नाहीत. रुपया उजेडाकडे धरला. फिरवला. पुन्हा बघितला.

"भाऊ... दोन्ही आकडे गोल आहेत. खाच पण आहे. हा तुम्ही नीट बघितला होता का?"

शिरीषभाऊ म्हणाले, "बघूनच चिकटवला, ताई."