पासपोर्टात आई, तोंडात मावशी

आमची लेक घरी आली तेव्हा चार वर्षांची होती. अकोल्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला रीतसर दत्तक घेतलं, अमरावतीला आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या नवऱ्याला 'बाबा' म्हणून हाक मारली. मला म्हणाली, 'मावशी'.

यात नवऱ्याचं कर्तृत्व शून्य. संस्थेत मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या सगळ्या बायांना मुलं मावशीच म्हणायची. पुरुष म्हणजे फाटकावरचा चौकीदार, तो काका. बाबांची जागा रिकामी होती, हे जाऊन बसले. मावशीच्या जागेवर आधीच सहा जणी, त्यात मी सातवी.

मी शिकवणीवर्गात गणित शिकवते. पोरांकडून पाढे घोटून घेणारी बाई मी. दोन अक्षरांचा शब्द घोटून घ्यायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं. रोज सकाळी उजळणी. 'आई म्हण.' 'आई.' शाबास, ही घे संत्रा बर्फी. बर्फी गिळली की लगेच, 'मावशी, पानी दे.' उरलेली बर्फी मी संपवायची. चार महिन्यांत दोघींचं वजन वाढलं, बाकी प्रगती काही नाही. मी चिडायची, मग चिडले म्हणून स्वतःवरच चिडायची. नवरा म्हणायचा, "अवो, म्हनंल ना. घाई काय हाये?" ज्याला बाबा फुकटात मिळालं, त्याला कशाची घाई असणार.

खरं सांगते, मला भीती वाटायची. या पोरीला मी नकोच आहे की काय, असं सारखं मनात यायचं.

अशात मस्कतला राहणाऱ्या नणंदेनं बोलावलं. लेकीचा पासपोर्ट आला, त्यात आईच्या नावापुढे माझं नाव छापलेलं होतं. ते मी तीनदा वाचलं. सरकारला पटलंय म्हटलं, आता हिलाही पटेल. विमानात बसलो, तर जेवण घेऊन आलेल्या हवाईसुंदरीला ही म्हणते, "मावशी, भात हाये काय?" झाली आठवी. आणि त्या बाईकडे बघून ही जितकं गोड हसली, तितकं माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती. माझा जळफळाट झाला, लपवत नाही.

मस्कतच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा माणूस पोरीकडे बघून हसला आणि चक्क हिंदीत बोलला. तिथं इतकं हिंदी चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबाकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "ये कौन है?"

"बाबा."

"और ये?"

"मावशी."

त्याचं हसू थांबलं. "मौसी?" त्यानं पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. बायकोला घरी ठेवून मेहुणीला परदेशी फिरवायला आणणारा माणूस दिसतो तरी कसा, ते त्याला बघून घ्यायचं होतं. आमच्या यांना तिथंच हसू फुटलं. मी कोपरानं ढोसलं, तर जास्तच.

"मम्मी किधर है?" त्यानं पोरीला विचारलं.

मी घाईघाईनं पिशवीतून दत्तकाच्या कागदांची फाइल काढली. निम्मे कागद खाली पडले. ते वेचता वेचता मला रडूच आलं. मागे एवढी मोठी रांग, आणि मी फरशीवर बसून नाक पुसतेय.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग टाचा उंचावून, खिडकीची कड धरून त्या माणसाला म्हणाली, "ओ काका, माह्या मावशीले कावून रडवून राहिले तुमी?"

'कावून' म्हणजे 'का', हे त्याला कळलं नसावं, पण आवाज कळला. त्यानं कागद नीट वाचले, माझ्याकडे बघून मान लववली आणि शिक्का मारला. तेवढ्यात त्याची वेळ संपली असावी. तो उठला, दुसरा येऊन बसला. बॅगांच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत पोर वळून वळून बघत राहिली.

"त्या काकाची ड्युटी सुटली," ती म्हणाली.

"हो."

"मावशी, तुही ड्युटी कवा सुटते?"

मला आधी कळेचना. मग कळलं. संस्थेत सकाळची मावशी दुपारी जायची, दुपारची रात्री. जिचा लळा लागेल ती चपला घालून निघायची. इतके महिने ही पोर माझी वेळ संपायची वाट बघत होती, आणि मी मूर्ख तिला बर्फी चारत होते.

मी तिच्यासमोर खाली बसले. "माझी नाही सुटत."

"रातची बी?"

"रात्रीची पण नाही."

"दिवाळीले?"

"दिवाळीलाही नाही."

"मंग तुह्या बदल्यात कोन येते?"

"कोणी नाही. मीच."

तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं. आमच्या बॅगा पट्ट्यावर दुसऱ्यांदा फिरून गेल्या. नवरासुद्धा हसायचा थांबला होता.

"मंग तू मावशी नाई होय," ती म्हणाली.

मग कोण, ते मी विचारलं नाही. मला तेवढंच पुष्कळ झालं, बाप्पा.