कमोडोरांच्या वहीतली रेघ

कॅनडाच्या आरमारातले कमोडोर ॲलिस्टर यांना मी कधी पाहिलं नाही. मी वसईहून ग्वेल्फला आले तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. माझी ओळख त्यांच्या मुलीशी, शेजारच्या ग्लेन्डाशी. २०१७ च्या हिवाळ्यात तिची नजर अधू झाली. तेव्हापासून दर गुरुवारी मी तिला वडिलांच्या वह्या वाचून दाखवू लागले.

माणूस नेमका होता. १९१४ साली पंधराव्या वर्षी हॅलिफॅक्सला कॅडेट झाले. पहिलं महायुद्ध कोळशावर चालणाऱ्या जहाजावर काढलं. पुढे आरमार इतकं आटलं की सोबतचे बहुतेक घरी गेले. हे चिकटून राहिले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजांची राखण करायला एक लढाऊ जहाज त्यांच्या हाती आलं. निवृत्तीनंतर डेलियाची फुलझाडं लावली आणि रोजचं हवामान टिपून ठेवलं.

पुढे एका शनिवारी गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलला त्यांचं नाव द्यायचं होतं. त्याआधी, गुरुवारी चारला, जवळच्याच केंब्रिज गावाहून स्टीव्हन येणार होता. त्याचे वडील कमोडोरांच्या जहाजावर खलाशी. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते जहाज धुक्यात आपल्याच एका मालवाहू जहाजावर आदळलं आणि नऊ माणसं बुडाली. स्टीव्हनच्या वडिलांनी पहाऱ्याची जागा सोडली, असा ठपका आला. नव्वद दिवस कैद झाली. ते जागा सोडून का गेले, एवढंच स्टीव्हनला विचारायचं होतं.

साडेतीनला मी त्या दिवसाचं पान काढलं. ही पेन्सिलीतली कच्ची वही. तिच्यावरून शाईची पक्की वही उतरवत, आणि चौकशीपुढे गेली ती पक्की.

"थांबलीस का?" ग्लेन्डा म्हणाली.

"इथे खोडलंय."

"वाचता येतं?"

येत होतं. '१४.१०. पुढच्या टोकावरचा पहारेकरी गारठला आहे. बदली माणसाची वाट न पाहता माझ्या हुकमाने खाली पाठवला.' त्यावर एक सरळ रेघ, बाजूला कमोडोरांची आद्याक्षरं, आणि वर लिहिलेलं: 'पहारेकरी जागेवर नव्हता.' टक्कर १४.१६ ला.

ग्लेन्डाने कप बशीत ठेवला, तो वाजला.

"पेन्सिलच आहे ना ती?"

"हो."

"खणात रबर आहे. तुझा हात अजून स्थिर आहे."

मी वही मांडीवरून हलवली नाही.

"तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या," ती म्हणाली. "दुसऱ्याचं पाप दिसलं की लगेच मेणबत्ती लावायला तयार."

"वसईच्या शाळेत आमच्या सिस्टर रबर वापरूच द्यायच्या नाहीत. चुकलं की एक रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

"जहाजावर तोच नियम. पण ही कच्ची वही. हिला कोण विचारतं?"

"तेच म्हणते मी. तीस वर्षं ही त्यांच्याजवळ होती, ग्लेन्डा. रबरही होतं. तरी पुसलं नाही."

पावणेचारला बेल वाजली. स्टीव्हन लवकर आला होता.

सत्तरीचा माणूस. बूट दारात नीट जोडीने ठेवून तो खुर्चीच्या कडेवर बसला. "बाबांनी नंतर कुठलंच काम वेळेआधी सोडलं नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या लग्नाला कारखान्याचा शेवटचा भोंगा झाल्यावर आले. आई तासभर चर्चच्या पायरीवर उभी. कॅप्टनबद्दल, म्हणजे तुमच्या वडिलांबद्दल, मात्र वाईट बोलू द्यायचे नाहीत."

ग्लेन्डाने माझ्याकडे हात पसरला. मी वही दिली. माझं बोट पानात होतं, त्या जागी तिने आपलं ठेवलं.

"मला दिसत नाही," ती त्याला म्हणाली. "तुम्हीच वाचा. मोठ्याने. रेघेखालचं."

त्याने वाचलं. 'गारठला' या शब्दाशी थांबला, चष्मा पुसला, पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"मग शनिवारचं काय?" त्याने विचारलं.

"शनिवारी या. हेच पान तिथे वाचा. नाव द्यायचं की नाही, ते हॉलवाल्यांना ठरवू द्या."

शनिवारी स्टीव्हनने ते पान वाचलं. मी दुसऱ्या रांगेत होते. नाव देण्याचं त्या दिवशी राहून गेलं. हॉलला अजून नाव नाही. कमोडोरांच्या नावाची पितळी पाटी ग्लेन्डाच्या बेसमेंटमध्ये, खोक्यातच आहे.